खोट्या मापाचं कार्ड

१

शनिवारी सकाळी टेपकाकूंनी मापांचा डबा उघडला, आणि एकतीस कार्डांतलं एक कार्ड त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

कार्ड तसंच पिवळं होतं. शाईही तीच होती, कारण पेन डब्यालाच दोरीनं बांधलेलं असायचं. मुलांच्या वर्गात पेन बांधून ठेवलं नाही तर त्याला पाय फुटतात, हे काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आकडेसुद्धा त्यांच्याच वळणाचे होते. काकू अर्ध्या इंचासाठी आकड्यापुढे दोन उभ्या रेघा मारत, जुन्या लोकांसारख्या. त्या रेघाही इथे होत्या. फक्त त्या पट्टी लावून ओढल्या होत्या. काकूंनी उभ्या जन्मात रेघ सरळ मारली नव्हती. सरळ जायचं ते कात्रीनं, असं त्या म्हणत.

चौतीस वर्षं त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा दुकान बंद केलं आणि शनिवारच्या या वर्गात त्या पोशाख शिवायला येऊ लागल्या. खाली छापखाना, वर लांबलचक हॉल, हॉलच्या टोकाला कपाटाची खोली. सात ते तेरा वर्षांची मुलं दिवसभर चित्रं काढत, गात, वर्षाअखेरीस नाटक करत. शिकवणारी मोठी माणसं सगळी हौसेनं आलेली, एक छदामही न घेणारी.

खोटं कार्ड होतं नाटकात ढग होणाऱ्या मुलीचं. वय नऊ. सगळे तिला ढगूच म्हणत. वरची ओळ चार महिन्यांपूर्वीची, छाती २४॥, कंबर २२॥, आणि ती बरोबर उतरवलेली होती. खालची ओळ दोन आठवड्यांपूर्वीची. तिथे लिहिलं होतं, छाती २६॥, कंबर २४॥.

काकू खुर्चीत बसल्या. त्यांना त्या दिवशीचं माप पाठ होतं. दुकानात मदतनीस होता तेव्हा त्या माप मोठ्यानं सांगत आणि तो लिहून घेई. आता मदतनीस नव्हता तरी त्या मोठ्यानं सांगत आणि स्वतःच लिहीत. जित्याची खोड. त्या शनिवारी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "कंबर साडेवीस! अगं बाई, वाढतेस की आटतेस? घरी जेवतेस ना?"

सगळी मुलं हसली होती. काकूही हसल्या होत्या.

कंबर साडेबाविसावरून साडेवीस झाली होती. वाढत्या अंगाच्या पोरीची. आणि ते माप कुणीतरी पुसून टाकलं होतं.

२

डबा आठवडाभर कपाटात कुलूपबंद असे. मागच्या शनिवारी गुडघ्यापायी काकू आल्या नव्हत्या. म्हणजे जे झालं ते त्याच दिवशी, याच खोलीत. त्या दिवशी किल्ली तिघांच्या हातात होती, हे काकूंनी दारावरच्या चिठ्ठीवरून काढलं. वर्ग चालवणाऱ्या बाई, नाटक बसवणारा आणि खाऊ देणारी आत्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पूर्वी त्यांची चप्पल वाजली की वर्ग चिडीचूप होई. आता त्या काळा चष्मा लावून ऑफिसात बसल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते.

"बाई, मागच्या शनिवारी माझा डबा कुणी हलवला का?"

"मला विचारता? मला समोर तुम्ही आहात की कपाट, तेही आवाजावरून कळतंय." मग त्यांनी आवाज उतरवला. "काय झालंय?"

"कार्ड बदललंय एका मुलीचं."

"कुणीतरी चुकून भिजवलं असेल, नवं केलं असेल. काकू, नाटकाला तीन आठवडे आहेत. सुतावरून स्वर्ग गाठू नका."

पण बोलताना बाईंची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती, आणि मुलगी कोणती हे त्यांनी विचारलं नाही. काकूंच्या ते लक्षात राहिलं.

नाटक बसवणारा उंच, लुकडा, स्वतःचा चष्मा स्वतःच्या डोक्यावर असताना हॉलभर शोधणारा. तो स्टेजवर पुठ्ठ्याचं झाड उभं करत होता आणि झाड ऐकत नव्हतं.

"ढगू आधी राजकन्या होती ना?" काकूंनी विचारलं. "मी फ्रॉकसुद्धा शिवला होता तिच्या मापाचा."

"हो ना! पाठांतर चोख. आणि एक दिवस येऊन म्हणते, मला ढग करा. ढगाला वाक्य एकच, तेही गडगडाटाचं. मी म्हटलं का गं, तर म्हणे, ढगाचा झगा मोठा असतो." त्यानं झाडाला एक लाथ घातली. "नंतर पस्तावली असणार. मागच्या शनिवारी कपाटाच्या खोलीत तो राजकन्येचा फ्रॉक जमिनीवर पसरून त्याच्यापुढे बसली होती. बराच वेळ. मी हळूच परत फिरलो. म्हटलं, हौस राहिली बिचारीची."

काकूंना तेव्हा ते नुसतं करुण वाटलं. त्यापलीकडे त्यांनी त्याचा विचार केला नाही.

"आणि कपाटाची किल्ली?"

"आत्यांनी घेतली होती, रुमाल काढायला. काकू, तुम्ही पोलिसासारखं काय विचारताय?"

काकू खाऊच्या खिडकीकडे वळल्या. आत्या तिथे आधीच त्यांच्याकडे बघत उभी होती.

३

आत्या म्हणजे ढगूची सख्खी आत्या. वहिनी गेली, भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. तेव्हापासून भाची हिच्याकडे. आत्याचं नाव निघालं की लोक म्हणत, अशी माणसं राहिली नाहीत आता. दर शनिवारी ती केळी कापून, बिस्किटं मांडून, एकेका मुलाच्या गालाला हात लावून खाऊ देई. तिचा स्वतःचा ब्लाउज अंगासरशी बसलेला, बाह्यांना एक सुरकुती नाही. काकूंनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, हा हात शिवणातला आहे.

"या काकू. गुडघा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार, कुरकुरतो. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"माझं काय, पोरीच्या मागे धावतेय." आत्या हसली. "त्या दिवशी तुम्ही माप ओरडून सांगितलंत ना, मला मेलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक म्हणतील, आत्या जेवायला घालत नाही."

"छे, माझी आपली सवय."

"तेच म्हणते मी. टेप थोडी आवळून धरली असेल तुम्ही. मुलांच्या कपड्याला अंगापेक्षा दोन इंच तरी सैल ठेवावी. मी ठेवते. वाढतं अंग."

"मीही दोनच ठेवते," काकू म्हणाल्या.

त्याच वेळी ढगू रांगेत पुढे आली. उकाड्यानं सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तिच्या अंगात लांब बाह्यांचा झगा. बशीतल्या केळ्याकडे तिनं पाहिलं, मग आत्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला नको. माझं पोट भरलंय."

"बघा," आत्या काकूंना म्हणाली. "असं असतं. दिलं तर नको."

ढगू नळाकडे गेली आणि पाणी प्यायली. एक पेला, दुसरा, तिसरा. तिसऱ्या पेल्याला तहान नसते, हे काकूंना ठाऊक होतं. लहानपणी घरात काही नसलं की त्यांनीही असंच पोट फसवलं होतं.

"आज परत माप घेणार ना तिचं?" आत्यानं हात पुसत विचारलं. "मी बाजूला थांबते. मीच लिहून घेते, म्हणजे तुम्हाला त्रास नको."

४

काकू कपाटाच्या खोलीत येऊन दार लोटून बसल्या. समोर खोटं कार्ड, आणि डोळ्यांपुढे दुसरीच मुलगी.

ती एकतीस वर्षांपूर्वीची. दुकानात आईबरोबर शाळेचा गणवेश शिवायला आलेली. माप घेताना पाठीवर टेप लागली तशी ती कळवळली. काकूंनी गळ्यामागून डोकावून पाहिलं आणि जे दिसलं ते दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या आईला बाजूला घेऊन, चांगुलपणानं, विचारलं. आई म्हणाली, पडली हो जिन्यावरून. आठवड्यानं गणवेश न्यायला कुणी आलं नाही. घराला कुलूप. कुठे गेले, कुणालाच माहीत नव्हतं. तो गणवेश काकूंनी अजून टाकला नव्हता. ती मुलगी अधूनमधून स्वप्नात येई. काही बोलत नसे, नुसती पाठमोरी उभी राही, टेप लावायची वाट बघत.

काकूंनी डोळे पुसले आणि कार्ड पुन्हा पाहिलं. २६॥. २४॥. वरच्या ओळीपेक्षा बरोब्बर दोन इंच जास्त, छातीतही आणि कमरेतही.

अंग असं वाढत नाही. अंग कुठे पाऊण वाढतं, कुठे सव्वा. बरोब्बर दोन इंच सगळीकडे वाढतो तो फक्त कपडा. ती त्यांची स्वतःची सैल होती.

त्या उठल्या, राजकन्येचा फ्रॉक काढला, जमिनीवर पसरला आणि टेप लावली. कंबर २४॥. छाती २६॥.

कार्ड लिहिणाऱ्यानं मुलीचं माप घेतलं नव्हतं, फ्रॉकचं घेतलं होतं. आणि त्याला हे माहीत नव्हतं की शिवणारा माणूस कार्डावर अंगाचं माप लिहितो, सैल डोक्यात ठेवतो. आत्याला ते माहीत होतं. तिला खोटं लिहायचं असतं तर तिनं साडेबावीस लिहिलं असतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाईंना तर हा बारीक आकडा दिसलाच नसता. नाटकवाल्यानं पट्टीनं रेघ मारली असती तर आधी पट्टी हरवली असती.

मग उरलं कोण? फ्रॉक पसरून बराच वेळ बसलेलं कोण होतं?

काकूंना आठवलं. मापाच्या वेळी सगळी मुलं पोट आत ओढतात. आपण बारीक दिसावं असं मोठ्यांचं बघून शिकतात. ढगूनं त्या दिवशी श्वास कोंडून पोट फुगवलं होतं. जेवढं फुगेल तेवढं. तरीही साडेवीस.

दार करकरलं. दारात ढगू उभी होती.

५

"काकू, आज मोठ्यानं वाचू नका ना."

एवढंच म्हणाली. काकूंच्या जिभेवर दहा प्रश्न आले. का? घरी काय झालं त्या दिवशी? कोण काय करतं? पण वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मोठ्यांना बसवून बालमदतीच्या कामातल्या एका तरुण मुलीनं अर्धा तास काहीतरी समजावलं होतं. काकू तेव्हा मांडीवरच्या कापडाला दुमड घालत होत्या, एका कानानं ऐकत होत्या. तरी त्या एका कानानं थोडं धरून ठेवलं होतं. मुलाची उलटतपासणी करायची नाही. घरच्यांना आधी विचारायचं नाही. गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही. पुरावा शोधत बसायचं नाही. त्याच दिवशी कळवायचं.

आणि सकाळपासून त्या काय करत होत्या? पुरावाच शोधत होत्या. पट्टीच्या रेघा मोजत होत्या, आणि पोर नळावर पाणी पीत होती. काकूंना स्वतःची लाज वाटली.

"नाही वाचणार," त्या म्हणाल्या. "आधीही वाचायला नको होतं. माझं चुकलं."

ढगूनं जमिनीवरच्या फ्रॉककडे पाहिलं, त्यावरच्या टेपकडे पाहिलं. तिला कळलं की यांना कळलंय.

"मोठ्यानं वाचलं की मग घरी..." ती थांबली. "रविवार ते मंगळवार. पाणी मिळतं."

काकूंनी हात पुढे केला नाही. मध्येच काही विचारलंही नाही. नुसत्या तिच्या उंचीला वाकून बसल्या, गुडघा ठणकला तरी.

"सांगितलंस ते चांगलं केलंस. तुझी यात काही चूक नाही."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. नाही गं बाळा, म्हटलं असतं तर पोर निर्धास्त झाली असती.

"सांगणार आहे," काकू म्हणाल्या. "ज्यांचं कामच मुलांना मदत करायचं आहे त्यांना. दुसऱ्या कुणाला नाही."

ढगूचा चेहरा पांढराफटक पडला. "नको. काकू, नको. मग ती..."

"म्हणूनच सांगायचंय."

ती मागे सरकली. आयुष्यात कुणीतरी आपल्याकडे असं पाहावं हे काकूंना कधी सोसलं नसतं. दगा दिल्यासारखं पाहिलं तिनं.

६

"आधी आत्यांना बोलावून घेऊ," बाई म्हणाल्या. काकूंचं सगळं सांगून झालं होतं. नाटकवाल्याला हाक मारून ढगूबरोबर स्टेजवर बसवलं होतं, तिला क्षणभरही एकटं सोडू नका असं बजावून. "चारचौघांत उठणारी-बसणारी बाई आहे. एकदम बाहेरच्या लोकांना कळवायचं म्हणजे... आणि तुमचा अंदाज चुकला तर? एका घराची राखरांगोळी होईल."

"चुकला तर मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागेन. नाक घासेन." काकू बाईंच्या टेबलापाशी आल्या. "बाई, एकदा मी आधी घरच्यांना विचारलंय. ती पोर मला परत दिसली नाही. जिवंत आहे की नाही, माहीत नाही. आज आत्यांना विचारलंत तर उद्या ही वर्गातून काढलेली असेल. मग आपण कुणाचं माप घ्यायचं?"

बाईंनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, आणि ते ऑपरेशननं की कशानं, काकूंना कळलं नाही.

"पंधरा दिवसांपूर्वी तिनं माझ्या डब्यातली पोळी घेतली," बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही असं तिला वाटलं. सावली दिसली मला. मी काही बोलले नाही. म्हटलं, मुलं खोड्या करतात. सकाळी तुम्ही 'एका मुलीचं कार्ड' म्हणालात, तेव्हा कोणती ते मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं."

त्यांनी चाचपडत फोन पुढे सरकवला. बालमदतीचा क्रमांक दाराच्या मागे लावलेला होता. वर्षभर त्यावर कुणाचातरी रेनकोट टांगलेला होता.

फोनवर एक शांत आवाज होता. काकूंनी जसं पाहिलं तसं सांगितलं. मापं तारखेनिशी. लांब बाह्या. तीन पेले पाणी. मुलीचे शब्द, जसेच्या तसे, आपली भर न घालता.

"मला खात्री नाही हो," त्या शेवटी म्हणाल्या.

"खात्री करणं आमचं काम," आवाज म्हणाला. "तुम्ही शंका कळवलीत, तेवढंच तुमचं होतं. मुलगी आत्ता कुठे आहे?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"बाई? काकू आत आहेत का?" आत्याचा गोड आवाज. "पोरीला लवकर घरी नेते म्हटलं. तिला बरं वाटत नाहीये."

बाई उठल्या. टेबलाला एकदा, खुर्चीला एकदा धडकत त्या दारापर्यंत गेल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ती स्टेजवर आहे, आत्या," चिडीचूप करणाऱ्या त्या जुन्या आवाजात त्या म्हणाल्या. "तालीम संपेपर्यंत एकही मूल बाहेर जाणार नाही. माझा नियम आहे."

असा काही नियम नव्हता.

७

पाऊण तासात साध्या कपड्यांतल्या दोन बायका आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला दटावलं नाही. एक ढगूजवळ बसली, दुसरी आत्याशी बोलली. आत्या आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "वळण लावत होते हो. आईविना पोर, शेफारली असती. मी कधी हात नाही उगारला तिच्यावर." ते शेवटचं खरं होतं, असं नंतर कळलं. उगारायची गरजच पडली नव्हती. स्वयंपाकघराला कुलूप होतं.

मापांची कार्डं त्या बायका घेऊन गेल्या. खोटंसुद्धा. ते कुणी लिहिलं हे काकूंनी सांगितलं तेव्हा दोघींतल्या वयस्कर बाईनं ते उलटसुलट करून पाहिलं. "सगळी मुलं खुणा सोडतात," ती म्हणाली. "हिनं खूण बुजवली. फ्रॉक शिवला तेव्हा होती तशीच अजून आहे असं दाखवलं."

नाटक झालं. ढगाविना झालं. बोटीवरचा बाप परत आला, आणि पुढे काय ठरलं ते काकूंना कुणी सांगितलं नाही, सांगायचं नसतंच. काकू दर शनिवारी येत राहिल्या. माप आता तोंडातल्या तोंडात पुटपुटत. एकतीस वर्षांपूर्वीची ती पाठमोरी मुलगी अजूनही स्वप्नात येई. तिचं काही मिटलं नव्हतं.

चार महिन्यांनी एका शनिवारी काकू मशीनवर वाकल्या होत्या आणि कुणीतरी टेबलापाशी येऊन उभं राहिलं. गाल भरले होते. झगा बिनबाह्यांचा होता. दाराशी एक उन्हानं रापलेला माणूस घुटमळत होता.

"तुम्ही सांगितलंत," ढगू म्हणाली.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो गं."

"मला तुमच्याशी बोलायचं नाही. कधीच नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. हक्क होता तिचा.

ढगू वळली, पण गेली नाही. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, काकूंच्या टेबलाला टेकवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. पिशवीतून डबा काढला आणि खाऊ लागली. सावकाश, कुणाकडे न बघता.

काकूंचा पाय मशीनच्या पायट्यावर होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला. मशीनचा आवाज झाला तर ती उठून जाईल अशी त्यांना भीती वाटली.